सहाशे वॅटचा डबा

दुकानात शिरून अर्धा तास झाला होता, पण मालकानं एकदाही प्रतिक्षाकडे बघून उत्तर दिलं नव्हतं. प्रश्न ती विचारत होती आणि उत्तरं तिच्या नवऱ्याला मिळत होती.

दुकान बारामतीतलं, भिगवण रस्त्याचं. इन्व्हर्टर, बॅटऱ्या, सोलरच्या पाट्या आणि आता नव्यानं आलेले हे हातात धरून न्यायचे डबे. पॉवर स्टेशन म्हणतात त्यांना. आत बॅटरी, पुढं घरातल्यासारखी पिन लावायची जागा, वर उचलायला मूठ. जिथं वीज नाही तिथं न्यायचा आणि वापरायचा. मालक ऋषिराज पस्तिशीचा, कडक इस्त्रीतला, जिभेवर साखर ठेवून बोलणारा.

"कॅम्पिंगला पाहिजे का घरच्या बॅकअपला?" आल्या आल्या त्यानं बिरदेवला विचारलं होतं.

बिरदेवनं बायकोकडं बघितलं.

"मेंढ्या कातरायला," प्रतिक्षा म्हणाली.

ऋषिराजला ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो काउंटरवरच्या दोघा कामगारांकडं बघून हसला.

पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. वरकुट्याच्या बिरदेवची शंभरावर मेंढरं. दसरा होऊन गेला होता, दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, कोकणाच्या वाटेला लागणार, आणि त्याआधी कातरणी उरकायला हवी होती. हातकातरीनं कातरणारी माणसं आता राहिलीत कुठं? जी दोन-चार म्हातारी उरली होती त्यांच्या मागं दहा-दहा वाड्यांचे मालक लागलेले. म्हणून विजेवरची मशीन आणायची कल्पना प्रतिक्षानं काढली. लग्नाआधी तिनं इंदापुरात आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेतलं होतं आणि नंतर दोन वर्षं एका वाइंडिंगच्या दुकानात बसून जळलेल्या मोटारींत नवी तार भरली होती. मोटार कधी कण्हते, कधी तापते, कधी मरते, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. मशीन तिनं स्वतःच्या कमाईतून मागवली. पण मेंढरं बसायची माळावर, तिथं वीज कुठली? एकाचा जनरेटर आणून बघितला तर त्याच्या धडधडाटानं मेंढरं बुजून चौखूर उधळली, गोळा करता करता दिवस गेला. म्हणून हा डबा.

टेबलावर दोन डबे मांडले होते. एक नारंगी, आटोपशीर, एका हातात उचलता येणारा. त्याच्या कडेनं रंगीत दिवे लुकलुकत होते आणि पुढच्या बाजूला हातभर अक्षरात ६०० वॅट लिहिलेलं होतं. दुसरा काळा, ओबडधोबड, बारा किलोचा, किमतीनं दुप्पट. त्यावर हजार लिहिलेलं.

प्रतिक्षानं नारंगी डबा उचलला आणि उलटा केला. मागं मुंगीएवढ्या अक्षरात खरी गोष्ट छापलेली होती.

"ह्यो सहाशेचा न्हाय," ती म्हणाली. "सहाशे क्षणभर देतो. सतत तीनशेच देतो. आमची मशीन साडेतीनशेची हाय, आन् दाट लोकर लागली की त्याच्याबी वर जाती. शिवाय ह्याच्यात साठवण किती, तर जेमतेम पाऊण तासाची. काळा दावा."

"दादा," ऋषिराज बिरदेवला म्हणाला, "वहिनींचा अभ्यास चांगला आहे. पण कागदावरचं वेगळं असतं आणि वापरातलं वेगळं. उजनीच्या पाण्याकडेला तंबू टाकायला पुण्याची मंडळी येतात ना, सगळी हाच नेतात. लाइट, पंखा, स्पीकर, दोन-दोन दिवस चालतं."

"आमाला स्पीकर लावायचा न्हाय."

"मशीन आणलीय का? लावा की मग. हात कंगन को आरसी क्या."

प्रतिक्षानं पिशवीतून मशीन काढली, पिन लावली. मशीन घर्रर्र करत सुरू झाली. ऋषिराजनं दोन्ही हात पसरले. "घ्या! चालली की!"

"हवेत चालंलच. लोकरीत चालाय पायजे."

"आता दुकानात मेंढी कुठून आणू ताई?"

कामगार खदखदून हसले. आणि त्यांच्यासोबत बिरदेवही हसला. मोठ्यानं नाही, ओशाळल्यासारखा, चारचौघांत आपण वेगळं पडू नये म्हणून माणूस हसतो तसा. पण हसला.

"ताई, तुम्ही चहा घ्या," ऋषिराजनं कप पुढं सरकवला आणि खुर्ची बिरदेवकडं वळवली. चहा संपेपर्यंत सौदा झाला होता. "हलका हाय, मेंढरामागं न्ह्यायला बरा पडंल," बिरदेव तिच्याकडं न बघता पुटपुटला. "शेठ एवढं सांगत्यात तर..." बिलावर नाव बिरदेवचं.

मोटारसायकलवर मागं बसून, तो नारंगी डबा मांडीवर धरून प्रतिक्षा घरी निघाली. दुकानदाराचा राग येत होता, नवऱ्याचा त्याहून जास्त, पण सगळ्यात जास्त राग येत होता स्वतःचा. गणित मला येतं, डबा मी उलटा करून दाखवला, आणि तरी गपगुमान त्याचा चहा पिऊन आले! कप तिथंच आपटून का नाही उठले?

दोन दिवसांनी सकाळी कालव्यावर मेंढरं धुऊन आणली, उन्हात वाळवली आणि माळावर कातरणी मांडली. बातमी पसरली होती. आजूबाजूचे तीन-चार वाडेवाले बघायला आले होते. अंथुर्ण्याचे दादासो तात्या खास आले होते. त्यांची दीडशे मेंढरं, आणि ह्या भागातल्या मेंढक्यांत त्यांचा शब्द मोठा. "मशीन चालली तर माजीबी ह्यावरच कातरू," ते म्हणाले आणि काठीवर हनुवटी टेकवून उभे राहिले.

बिरदेवनं एक मेंढी बसवली. प्रतिक्षानं पोटाकडनं सुरुवात केली. तिथं लोकर विरळ असते. मशीन सुरेख चालली, लोकरीची लड अलगद उलगडत गेली, आणि बघणाऱ्यांच्या तोंडून "आयला!" निघालं. प्रतिक्षाला क्षणभर वाटलं, कदाचित आपलंच चुकलं असेल. मग तिनं पाठीला हात घातला. पाठीवरची लोकर दाट, तळाशी माती आणि गोखरूचे काटे. मशीनचा आवाज जड झाला, कण्हल्यासारखा. पुढं काय होणार ते तिला त्या आवाजातच कळलं. डबा टीं-टीं करून ओरडला, लाल दिवा लागला आणि मशीन थांबली.

तिनं डबा बंद करून परत चालू केला. एक पट्टा निघाला, परत टीं-टीं. तिसऱ्यांदा तर पट्टासुद्धा निघाला नाही. तेवढ्यात बिरदेवची पकड सैल झाली आणि मेंढी निसटली. एक बाजू पांढरी उघडी, एक बाजू लोकरीनं लोंबती, आणि मधे शेपटीसारखी लटकणारी लोकरीची लड घेऊन ती सगळ्या माळावर धावत सुटली. माणसं पोट धरधरून हसली.

"बिरदेवा," दादासो तात्या डोळे पुसत म्हणाले, "ह्या खेळण्यापरीस आपली कातरच बरी बाबा. बायकूच्या नादानं मेंढरू नागवं केलंस की रं अर्धं!"

आणि बिरदेव म्हणाला, "मशीनच खराब निघाली वाटतं, तात्या."

प्रतिक्षानं हातातली मशीन खाली ठेवली. आपटली नाही, ती महागाची होती आणि तिची होती. मग ती उभी राहिली.

"काय म्हणला?"

"न्हाय, म्हंजी... पार्सलनं आलेली वस्तू..."

"मशीन खराब न्हाय. ही मशीन मी खोलून, बघून, परत जोडलीय. खराब तुमी निवडलेला डबा हाय. मी दुकानात सांगितलं हुतं, तीनशेचा हाय म्हणून. उलटा करून दावला हुता. तवा तुमी काय केलं? हासला! 'मेंढी कुठनं आणू' म्हणला त्यो दुकानदार, आन् तुमी त्याच्या जोडीनं हासला माझ्यावर! आन् आता चार माणसांत चूक कुणाची, तर माझ्या मशीनची?"

तात्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. नवऱ्याला चारचौघांत असं बोललेलं ह्या वाड्यावर कुणी ऐकलं नव्हतं. आता सासू काय म्हणते म्हणून सगळ्यांनी सारजाकडं बघितलं.

सारजा साठीची, हाडापेरानं काटक, उभा जन्म मेंढरामागं चाललेली बाई. ती चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. लेकानं दुकानात काय केलं ते तिला आत्ताच, सगळ्यांसोबत कळत होतं. ती उठली, पदर खोचला.

"बिरदेवा, खरं बोलती का ही? हिनं सांगितलं हुतं?"

बिरदेव खाली बघत राहिला.

"सांगितलं हुतं," तो म्हणाला.

"मग ती मेंढी धर आदी."

मेंढी धरून आणली. सारजानं तिच्या अर्ध्या उघड्या अंगावरून हात फिरवला. "अशी मेंढी मी वाड्यात घ्यायची न्हाय. दुकानदार काय म्हणला हुता, मेंढी कुठनं आणू?"

"व्हय, आत्या," प्रतिक्षा सासूला म्हणाली.

"मग आपून न्हेऊ. जा, बिरूला म्हणावं पिकअप काढ."

बिरू म्हणजे शेजारचा, कोंबडीखाद्याची गाडी चालवणारा. गाडीत मागं मेंढी, मशीन, डबा आणि सारजा. प्रतिक्षा पुढं बसली. बिरदेव गाडीकडं येऊ लागला तशी ती काच खाली करून म्हणाली, "तुमी हितंच ऱ्हावा. मेंढरं राखा."

बारामतीत पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले होते. दुकानासमोर चकचकीत फरशीच्या पायऱ्या होत्या. सारजानं मेंढी उतरवली आणि सरळ त्या पायऱ्यांवर आणून बसवली. तिचा एक पाय आपल्या गुडघ्याखाली दाबून ती स्वतःही बसली. आत गिऱ्हाइकं होती, ती काचेतून बघायला लागली. ऋषिराज बाहेर आला.

"अहो, हे काय! दादा कुठायत?"

"दादा मेंढरं राखायला बसल्यात. तुमी माझ्याशी बोला," प्रतिक्षा म्हणाली. "तुमी विचारलं हुतं मेंढी कुठनं आणू. आणलीय. आता पिन लावा."

"ताई, असं रस्त्यावर... आत या, बसून बोलू."

"आत तुमी चहा देता. हितंच लावा."

ऋषिराजच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली. "हे बघा, मोठी मशीन लावल्यावर वॉरंटी राहत नाही. हा डबा घरगुती वापराचा आणि कॅम्पिंगचा आहे. तुमची मशीनच खराब असेल."

"घेताना ह्याच डब्यावर हीच मशीन लावून 'चालली की' कोण म्हणलं? तवा घरगुती न्हवता?"

"घेताना बघून घ्यायचं असतं ताई."

तोवर पाच-पंचवीस माणसं गोळा झाली होती. रसवंतीवाला आला होता, शेजारच्या दुकानातले आले होते. प्रतिक्षानं नारंगी डबा उचलला, उलटा केला आणि गर्दीतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांसमोर धरला.

"काका, हितं मागं काय लिवलंय ते मोठ्यांदा वाचा."

त्यांनी चष्मा वर केला, डोळे बारीक केले. "सतत... तीनशे वॅट."

"आन् पुढं?"

"सहाशे."

"म्या बघून घेत हुते. ह्यांनी बघू दिलं न्हाय. माझ्याशी बोललेच न्हाईत. बाई हाय, तिला काय कळतंय! आता तुमचा टेबलावरचा काळा डबा आणा. माझी मशीन खराब असंल तर त्याच्यावरबी बंद पडंल. पडली तर मी मेंढी घेऊन गुमान जाती, ह्यो डबाबी हितंच सोडून."

"लावा की हो शेठ," रसवंतीवाला म्हणाला. "होऊन जाऊ द्या."

ऋषिराजला माघार घ्यायला जागा उरली नाही. कामगारानं काळा डबा बाहेर आणला. प्रतिक्षानं आधी नारंगीला पिन लावली आणि मशीन मेंढीच्या पाठीला भिडवली. वीतभर पट्टा निघाला, टीं-टीं, लाल दिवा. मग पिन काढून काळ्याला लावली. मशीन कण्हली, आवाज जड झाला, पण थांबली नाही. पाठीवरून मानेकडं, मानेवरून खांद्याकडं ती लोकर सोलत गेली. प्रतिक्षाचे दात आवळलेले होते. आठ-दहा मिनिटांत सगळी लोकर चकचकीत पायरीवर पडली आणि मेंढी अंग झाडून उभी राहिली, दोन्ही बाजूंनी सारखी.

टाळ्या वाजल्या. प्रतिक्षाला त्या टाळ्यांचाही राग आला. हा काय तमाशा होता का? एक साधं गणित पटवायला मेंढी घेऊन तीस-पस्तीस किलोमीटर यावं लागतं, तेव्हा टाळ्या कसल्या वाजवता?

"झालं ताई, बदलून देतो," ऋषिराज हलक्या आवाजात म्हणाला. "थोडा गैरसमज झाला."

"गैरसमज?" सारजा पायरीवरनं उठली. "माझी सून डबा उलटा करून दावत हुती तवा तुझं डोळं कुठं हुतं रं? बाईमाणूस बोललं की तुमाला ऐकूच येत न्हाय व्हय?"

चूक झाली असं तो म्हणाला नाही. नारंगी डबा घेतला, वरचा फरक घेतला, काळा डबा दिला. बिल करणारा कामगार लिहू लागला, "बिरदेव..." तशी प्रतिक्षानं बिलावर तळहात ठेवला. "प्रतिक्षा लिवा." त्यानं खोडून लिहिलं. निघताना तिच्या ध्यानात आलं, की दुसरा कामगार एवढा वेळ मोबाइलवर चित्रण करत होता. पण तोवर ती इतकी दमली होती की त्याला काही म्हणायचं तिला सुचलं नाही.

त्या दिवशी ती बिरदेवशी बोलली नाही. त्यानं पाणी आणून दिलं, ते तिनं सारजाला प्यायला दिलं. त्यानं काळा डबा पुसून सावलीत ठेवला, तो तिनं उचलून दुसरीकडं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातरणी परत मांडली. दादासो तात्याही आले, आज जरा लांबच उभे राहिले. तेवढ्यात बिरदेव मोबाइल हातात घेऊन आला. तो पुढं करताना त्याचा चेहरा कसानुसा झाला होता.

"ह्ये बघ. सगळ्या ग्रुपवर फिरतंय."

दुकानाची चित्रफीत होती. प्रतिक्षा काळ्या डब्यावर मेंढी कातरताना. नारंगी डब्याची टीं-टीं कापून टाकलेली. सारजाचं बोलणं कापून टाकलेलं. टाळ्या तेवढ्या ठेवलेल्या. आणि खाली लिहिलेलं: 'आमच्या तज्ज्ञ सल्ल्यानं मेंढपाळ दादांनी निवडलं योग्य पॉवर स्टेशन!'

प्रतिक्षानं ते दोनदा वाचलं. काल जो राग संपला असं तिला वाटलं होतं, तो मुळात संपलाच नव्हता. पायापासून डोक्यापर्यंत तो परत चढला. आता काय करायचं? परत मेंढी घेऊन जायचं? किती वेळा, किती मेंढ्या घेऊन? डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला.

"आमच्या सल्ल्यानं," ती एवढंच म्हणाली.

बिरदेव अबोल माणूस, फोनवर सुद्धा 'हां, हां' करून ठेवून देणारा. त्यानं बिलावरचा नंबर बघून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. तात्या जवळ आले.

"शेठ, मी वरकुट्याचा बिरदेव."

"अरे दादा! बघितलं का? चार तासांत किती लोकांनी बघितलं!"

"बघितलं. खाली लिवलंय ते खोटं हाय."

"म्हणजे?"

"दादानं निवडलं म्हणून लिवलंय. दादानं नारंगी निवडला हुता." बिरदेवनं फोन तोंडाजवळ धरला. "तुमच्या सल्ल्यानं निवडला हुता, आन् त्यो बंद पडला. काळा माझ्या बायकूनं निवडला. ती पयल्या दिवसापासनं तेच सांगत हुती. तुमी तिच्यावर हासला, आन् मीबी हासलो. माझीबी चूक हाय. तसं लिवा. न्हायतर काढून टाका."

"दादा, मार्केटिंगची भाषा असते ती, एवढं काय..."

"लिवा न्हायतर काढा. न्हायतर मी हितं तात्यांच्या म्होरं दुसरा व्हिडिओ करतो, दोन्ही डबं लावून. नारंगी कुणाकडनं तरी मागून आणंन."

पलीकडनं "बघतो" म्हणून फोन कट झाला.

तात्यांनी घसा खाकरला. "बिरदेवा, मीबी काल जरा जास्तच बोललो," ते प्रतिक्षाकडं न बघता म्हणाले.

"बिरदेवला कशाला सांगता, तात्या?" प्रतिक्षा म्हणाली. "बोललात माझ्यावर, तर मला सांगा."

तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग हळूहळू त्यांनी मान तिच्याकडं वळवली. "चुकलं बाई माझं," ते म्हणाले. "आमची मेंढरं कवा घेशील?"

"हितलं उरकू द्या. आठ दिसांनी."

चित्रफीत दुपारपर्यंत गायब झाली. माफी नाही, खुलासा नाही, नुसती गायब. ज्यांनी बघितली त्यांच्या डोक्यात दादांनीच निवडलेला डबा राहिला, आणि त्याला आता कुणाचा इलाज नव्हता. प्रतिक्षाला ते माहीत होतं आणि ते तिला आतल्या आत कुरतडत राहिलं.

पण सकाळी त्या घडीला काळ्या डब्यावर हिरवा दिवा लागलेला होता आणि शंभरावर मेंढरं खोळंबली होती. तिनं मशीनला तेल दिलं, पातं घट्ट केलं आणि गुडघे टेकून बसली.

"धरा ती मेंढी," ती नवऱ्याला म्हणाली. कालपासूनचा तिचा त्याच्याशी पहिला शब्द. "पाय आवळून धरा. कालसारखी सोडू नका."

बिरदेवनं दोन्ही हातांनी मेंढी घट्ट धरली. मशीन सुरू झाली.